फुलदाणीतले पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘फुलदाणीतली फुले अधिक दिवस कशी टिकवावी’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितले. वर्धापनदिनासारख्या दिवशी हा विषय कोणाला फार किरकोळ वाटेल. फूल कोमेजले तर कोमेजले, त्यात एवढे बोलण्यासारखे काय आहे? परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, विकतचे फूल आपण नेहमी काहीतरी मनात धरून आणतो. इस्पितळात पडलेल्या नणंदेला भेटायला जाताना नेतो, लेकीला पाहायला पाहुणे येणार म्हणून आणतो, निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेच्या हाती देतो. ते फूल दुसऱ्याच दिवशी मान टाकून बसले की, आजारी माणसाच्या उशाशी त्याच्यासारखे उदासवाणे दृश्य नाही. शिवाय ज्या शेतकऱ्याने ते पहाटे उठून तोडले, त्याची तीन-चार महिन्यांची मेहनत आपल्या दिवाणखान्यात एका रात्रीत वाया जाते. आणि बहुतेक वेळा दोष फुलाचा नसतो, फुलदाणीतल्या पाण्याचा असतो. म्हणून हा विषय मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

आपल्या घरांत फुलांची परंपरा मोठी आहे, पण ती मुख्यतः एका दिवसाची आहे. देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. वेणीतला गजरा संध्याकाळी माळला की सकाळपर्यंत त्याचे काम संपते. गजरा ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवावा, हे आपल्याला आई-आजीने शिकवले. फुलदाणी मात्र आपल्याकडे पुष्कळ उशिरा आली. तिचे शास्त्र काही सासूने सुनेला दिलेले नाही. त्यामुळे त्या रिकाम्या जागेत ऐकीव गोष्टी शिरल्या. कोणी म्हणते साखर घाला, कोणी म्हणते ॲस्पिरिनची गोळी टाका, कोणी म्हणते तांब्याचे नाणे टाका. यांतले खरे किती आणि खोटे किती, हे पाहण्यासाठी तोडलेल्या फुलाच्या देठात काय चालते, ते आधी समजून घेतले पाहिजे.

तोडलेले फूल मेलेले नसते, ही पहिली गोष्ट. ते श्वास घेत असते, पाणी पीत असते, कळी असेल तर उमलत असते. फक्त झाडाशी संबंध तुटल्यामुळे त्याच्या तीन सोयी एकदम बंद झालेल्या असतात. मुळांकडून येणारे पाणी थांबते. पानांकडून येणारी साखर थांबते. आणि देठाला एक उघडी जखम होते, तिच्यातून जंतूंना आत जायला वाट मिळते. फूल टिकवण्याचा कोणताही उपाय घ्या, त्याने या तिन्ही गोष्टींची व्यवस्था केली पाहिजे. एकीची केली आणि दुसरी विसरली तर उपयोग होत नाही, उलट कधीकधी अपाय होतो. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

आता पाण्याचे पाहू. देठामध्ये केसापेक्षा बारीक अशा असंख्य नळ्या असतात. त्यांतून पाणी वर चढते. पानांतून आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर खेचले जाते. देठ हवेत कापला की त्याच ओढीने नळ्यांत हवा शिरते आणि बुडबुडा अडकून बसतो. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानलेलेच राहते. म्हणून बाजारातून फुले आणल्यावर पसरट पातेल्यात पाणी घ्यावे, देठाचे टोक पाण्यात बुडवावे आणि पाण्याखालीच इंचभर देठ धारदार कात्रीने किंवा सुरीने कापावा. बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि नळ्या दबतात. काप तिरपा असावा, म्हणजे देठ तळाला सपाट टेकून त्याचे तोंड बंद होत नाही. पाणी कोमट असेल तर अधिक चांगले, कारण कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते देठात लवकर चढते.

नळ्या बुजण्याचे दुसरे कारण हवेपेक्षाही मोठे आहे. दोन दिवसांचे पाणी हाताला बुळबुळीत लागते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. तो बुळबुळीतपणा जंतूंचा असतो. देठातून झिरपणाऱ्या रसावर आणि पाण्यात बुडालेल्या पानांवर ते पोसतात आणि देठाच्या तोंडाशी बूच बसवावे तसे बसतात. गुलाब ताजा दिसत असतानाच त्याची मान एकाएकी झुकते, त्याचे नेहमीचे कारण हेच. म्हणून पाण्याखाली एकही पान ठेवू नये. फुलदाणी नुसती विसळू नये, साबण लावून घासावी. अरुंद तोंडाची असेल तर मूठभर तांदूळ आणि साबणाचे पाणी आत घालून जोराने हलवावे. मळ सुटून येतो. जिच्यातले पाणी आपण स्वतः तोंडाला लावू, इतकी फुलदाणी स्वच्छ हवी.

आता अन्नाचे. पाकळी उघडायला आणि तिचा रंग टिकायला साखर लागते. झाडावर असताना ती पाने बनवतात. तोडलेल्या फुलाजवळ थोडीशी शिल्लक असते, ती दोन-तीन दिवसांत संपते. म्हणून पाण्यात साखर घालावी ही कल्पना चुकीची नाही. परंतु साखर जशी फुलाला आवडते तशी जंतूंनाही आवडते. नुसत्या साखरेच्या पाण्यात जंतू इतके वाढतात की देठाचे तोंड लवकर बुजते आणि साखर फुलापर्यंत पोचतच नाही. साध्या स्वच्छ पाण्यात जे फूल चार दिवस राहिले असते, ते साखरेच्या पाण्यात तीनच दिवस राहते. ‘मी साखर घालून पाहिली, काही उपयोग झाला नाही,’ असे अनेक भगिनी म्हणतात, त्याचे कारण हे आहे. तेव्हा एक नियम पक्का लक्षात ठेवावा. जंतुनाशक घालायचे नसेल तर साखरही घालू नये.

फुलवाले पुष्पगुच्छाबरोबर कधीकधी एक लहानशी पुडी देतात. तिच्यात हीच त्रिसूत्री असते. अन्नासाठी साखर, पाणी किंचित आंबट करण्यासाठी एखादे आम्ल, आणि जंतूंना आवर घालणारे औषध. आम्ल कशाला, असा प्रश्न पडेल. आंबट पाणी देठात सहज चढते आणि त्यात जंतूंची वाढही मंदावते. पुडीवर जेवढे पाणी सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण मिसळावी. अर्धी आज आणि अर्धी पुढच्या वेळी, असा काटकसरीचा विचार येथे करू नये. औषध अर्धे पडले की ते जंतूंना पुरेसे होत नाही, आणि साखर मात्र त्यांना पुरून उरते.

पुडी नसली तर घरच्या वस्तूंतून हे पाणी करता येते. एक लिटर पाण्यात साखर चहाचे सपाट दोन चमचे, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम, घालून विरघळू द्यावी. मग लिंबाचा गाळलेला रस चहाचे दोन चमचे घालावा. शेवटी कपडे पांढरे करण्याचे साधे, वास नसलेले द्रव ब्लीच पाव चमचा घालून ढवळावे. येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. लिंबाचा रस आणि ब्लीच हे दोन्ही निवळ स्वरूपात एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळे, पूर्ण लिटरभर पाण्यातच घालावेत, आणि खिडकी उघडी ठेवून घालावेत. ब्लीचचा जोर दिवस-दोन दिवसांतच ओसरतो, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी नव्याने करावे आणि त्या वेळी देठ पुन्हा अर्धा इंच कापावेत. ज्यांना घरात ब्लीच नको असेल त्यांनी साखर व लिंबूही वगळावे आणि रोज सकाळी फुलदाणी घासून ताजे पाणी भरावे. ही साधी रीतसुद्धा ऐकीव युक्त्यांपेक्षा कितीतरी बरी. तिन्ही गोष्टींचे पाणी नीट केले तर मात्र फूल साध्या पाण्यातल्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट टिकते.

आता त्या ऐकीव युक्त्यांकडे वळू. ॲस्पिरिनची गोळी पाणी किंचित आंबट करते. तेवढा तिचा उपयोग खरा, पण तिच्यात फुलाचे अन्न नाही. तांब्याच्या नाण्यामागेही एक खरी गोष्ट आहे. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात. परंतु नुसते नाणे टाकल्याने पाण्यात तांबे उतरते ते नगण्य, आणि आपली आजची नाणी तर बहुतेक पोलादाची आहेत. तुरटीचे मात्र वेगळे. फुलांच्या व्यापारात ॲल्युमिनियम सल्फेट नावाचा क्षार जंतू रोखण्यासाठी आणि पाणी आंबट करण्यासाठी वापरतात, आणि आपल्या तुरटीत तोच क्षार पोटॅशियमच्या क्षाराबरोबर असतो. चिमूटभर तुरटी टाकणाऱ्या जुन्या बायका अगदीच चुकत नव्हत्या. लिंबाच्या चवीच्या गोड सोड्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतात. एक भाग सोडा आणि तीन भाग पाणी घेतले तर चालते, पण त्यात जंतुनाशक नसते, म्हणून वर सांगितलेले ब्लीच त्यातही लागतेच.

पाणी कोणते घ्यावे, याचाही विचार हवा. आज पुष्कळ घरांत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते लादी पुसायला घेतो. ते फुलदाणीत मात्र घालू नये, कारण नळाच्या पाण्यातले क्षार त्यात दाट झालेले असतात. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर लिंबाचा रस थोडा अधिक लागतो. फुलदाणी काचेची किंवा चिनीमातीची असावी. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांना आम्ल आणि ब्लीच दोन्ही खातात, मग भांडेही जाते आणि औषधही निकामी होते. पितळी गडू वापरायचाच असेल तर आत काचेचा पेला बसवावा.

प्रत्येक फुलाचा स्वभाव निराळा असतो, तो ओळखला पाहिजे. निशिगंधाच्या आणि ग्लॅडिओलसच्या छडीवर खालून वर कळ्या उमलत जातात. साध्या पाण्यात खालच्या चार कळ्या उघडतात आणि वरच्या तशाच वाळतात. या दोघांना साखरेचा फायदा उघड दिसतो. सुकलेली फुले खालून काढत जावे, म्हणजे वरच्यांना वाटा मिळतो. ग्लॅडिओलस आडवा ठेवू नये. त्याचे टोक वरच्या दिशेला वळते आणि छडी वाकडी होते. जरबेराचा देठ लवदार आणि मऊ असतो. तो खोल पाण्यात लवकर कुजतो, म्हणून त्याला तीन-चार बोटे पाणी पुरे, पण ते अगदी स्वच्छ हवे. शेवंती सर्वांत सोशिक. तिचे फूल ताजे असते तेव्हाच तिची पाने पिवळी पडतात, ती काढून टाकावीत. झेंडू आणि ॲस्टर यांच्या पानांनी पाणी लवकर घाण होते, तेव्हा त्यांचा खालचा पाला सढळ हाताने खुडावा. मोगरा, जाई, जुई यांना देठच नसल्यासारखा, त्यांना या पाण्याचा उपयोग नाही. त्यांना ओले फडके आणि गारवा हेच औषध.

आता अशा एका शत्रूविषयी सांगते, जो डोळ्यांना दिसत नाही. आंब्याच्या आढीत एक फळ पिकू लागले की शेजारची फळे भराभर पिकतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याचा हा प्रताप. आंब्याला जो वायू पिकवतो तोच कित्येक फुलांना म्हातारे करतो. १९०१ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्यूबोव नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात ती त्यातल्या इथिलीनमुळे. पुढे शिकागोच्या आसपासच्या फूलबागवाल्यांची कार्नेशनची फुले काचघरांत गळणाऱ्या गॅसने मिटून जाऊ लागली आणि त्यांचे फार नुकसान झाले. शिकागो विद्यापीठातील क्रॉकर आणि नाइट या दोघांनी त्याचा शोध घेतला आणि १९०८ साली प्रसिद्ध केले की, वीस लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असले तरी उमललेले कार्नेशन बारा तासांत मिटते. एवढ्याशा वायूची ही ताकद आहे. म्हणून फळांची टोपली आणि फुलदाणी एका टेबलावर ठेवू नये. पिकलेली केळी, चिकू, आंबे, सफरचंद यांच्याजवळ तर मुळीच नको. फूल शीतकपाटात ठेवायचे तरी आत फळे नसावीत. धूप आणि उदबत्तीचा धूरही फुलांपासून लांब बरा. सुकलेले फूलसुद्धा लगेच काढावे, कारण कोमेजणारे कार्नेशन स्वतःच इथिलीन सोडते आणि शेजारणीला आपल्या वाटेने नेते.

या वायूवर व्यापारी लोकांनी औषधेही शोधली आहेत. १९७८ साली नेदरलँड्समधील वीन आणि व्हान द गाइन यांनी चांदीचा एक विशिष्ट क्षार, सिल्व्हर थायोसल्फेट, कार्नेशनच्या देठात सहज चढतो हे दाखवले. चांदीमुळे फुलाला इथिलीनची जाणीवच होत नाही. परंतु चांदी हा जड धातू आहे. तिचे पाणी गटारात गेले की तेथल्या जिवांना अपाय होतो. पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील सिस्लर आणि ब्लँकेनशिप यांनी हवेतूनच देता येणारे एक औषध शोधले आणि १९९६ साली त्याचे पेटंट निघाले. ही कामे बागवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची आहेत. घरी आपल्याला फळांपासून फूल दूर ठेवले की पुरते.

उष्णतेचेही तसेच. जितकी उष्णता अधिक, तितका फुलाचा श्वास जलद आणि त्याची शिदोरी लवकर संपते. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, ते तोडल्यापासून गारव्यात ठेवलेले असतात म्हणूनच तिकडे ताजे पोचतात. आपल्याला तेवढी सोय नको. फुलदाणी उन्हाच्या खिडकीत, दूरदर्शन संचावर किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवू नये. रात्री ती घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, मोरीजवळ किंवा गॅलरीत सावलीत ठेवावी. बाजारातून आणतानाही फुले दुपारच्या उन्हात पिशवीत कोंबून आणण्यापेक्षा सकाळी लवकर, ओल्या कागदात गुंडाळून आणावीत. निवडताना पूर्ण उमललेली घेऊ नयेत. गुलाबाच्या बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेल्या असाव्यात, निशिगंधाच्या खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या असाव्यात.

एक-दोन गोष्टी सावधगिरीच्या. औषध घातलेले फुलदाणीचे पाणी लहान मुलांच्या आणि मांजराच्या तोंडी लागणार नाही, अशा जागी फुलदाणी ठेवावी. पुष्पगुच्छातल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये आणि त्या सरबतातही टाकू नयेत. त्या फुलांवर शेतात फवारे झालेले असतात आणि देठातून औषधे चढलेली असतात. गुलकंदाला घरचा, बिनफवाऱ्याचा गावठी गुलाबच हवा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. मी सांगितले म्हणून कोणी यावर विश्वास ठेवू नये. आपण स्वतः करून पाहावे. एकाच जुडीतले गुलाब घ्यावेत, तीन सारख्या स्वच्छ बाटल्यांत तीन-तीन ठेवावेत. पहिल्या बाटलीत साधे पाणी, दुसरीत नुसती साखर, तिसरीत साखर, लिंबू आणि ब्लीच. बाटल्यांना चिठ्ठ्या लावाव्यात आणि रोज सकाळी कोणत्या फुलाने मान टाकली ते वहीत लिहावे. दहा जणींनी दहा घरी हे केले आणि पुढच्या महिन्याच्या सभेत वह्या एकत्र वाचल्या, तर आपल्या गावच्या पाण्यात आणि आपल्या हवेत काय चालते, ते आपल्याला पक्के कळेल. मग फुलदाणीचे शास्त्र आपणही आपल्या लेकीसुनांना देऊ शकू, आणि ते ऐकीव नसेल, पाहिलेले असेल.